खांदेरीची बत्ती

किती वर्षं अलिबागला जातोय आम्ही, आणि दर वेळी थळच्या किनाऱ्यावर उभं राहून समोरच्या बेटाकडे बघायचं, "पुढच्या खेपेला नक्की" म्हणायचं आणि गरम भजी खाऊन घरी यायचं, एवढंच. यंदा डिसेंबरात एकदाचं जमलं. त्यातही क्रेडिट लेकीचं, जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे हे तिला शाळेत कळलं आणि मग तिने आमचं डोकं खाल्लं. मला खरं तर किल्ल्यापेक्षा लाईट हाऊस बघायचं होतं.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली, मांडव्याला उतरून थळ. तिथे होडी ठरवावी लागते, तिकीटबिकीट काही नाही, आमच्यासोबत पुण्याचा एक ग्रुप होता म्हणून भाडं वाटून गेलं. नाखवाकाकांनी आधीच दम भरला, "ताई, ओहोटीच्या आत परत फिरायचं, नाहीतर चिखल तुडवत यावं लागेल." वाटेत डाव्या-उजव्या हाताला कुठला खडक कुठे बुडालाय ते न बघताच सांगत होते. नवऱ्याने विचारलं, आता सगळ्यांकडे जीपीएस आहे, मग बत्ती कशाला? काका म्हणाले, "मोबाईल भिजतो, बत्ती भिजत नाही." विषय संपला.

बेटावर दोन टेकड्या, मोठीवर लाईट हाऊस. खाली वेताळाचं देऊळ, कोळी लोकांची याच्यावर फार श्रद्धा. पुढे एक शिळा आहे, तिच्यावर दगड आपटला की चक्क पातेल्यावर पळी मारल्यासारखा आवाज येतो, लेक तिथून हलेचना, शेवटी पुण्याच्या काकूंनी "अगं पुरे" म्हटलं. बुरुजावर लोखंडी चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या तोफाही आहेत, समुद्राकडे तोंड करून.

मनोरा अष्टकोनी, १८६७ चा. आमचं नशीब बरं होतं, तिथल्या माणसाने वर जाऊ दिलं. आत गोल जिना, वर जाईपर्यंत माझा श्वास संपला. दिव्यापेक्षा त्याच्या भोवतीची काच बघण्यासारखी असते, एकावर एक रचलेली भिंगांची कडी, चहूकडे पसरणारा उजेड ती गोळा करून एका रेषेत लांब फेकतात. आता वीज आहे, तेव्हा तेलावर काम चालायचं, म्हणजे रात्रभर कुणीतरी जागं राहून दिवा सांभाळत बसायचं, पावसाळ्यात तर समोर थळ दिसतंय पण होडी नाही!

वरून शेजारच्या बेटावरची उंदेरी एवढी जवळ दिसते की वाटतं ओरडलं तर ऐकू जाईल. आणि तिथेच मला सगळी भानगड नीट समजली. १६७९ ला महाराजांनी मायनाक भंडारींना इथे किल्ला बांधायला पाठवलं, मुंबईचे इंग्रज हादरले कारण बेट त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच, त्यांनी 'रिव्हेंज' वगैरे जहाजं आणून वेढा घातला, तरी आपल्या छोट्या होड्या रात्री चुकवून सामान पोचवत राहिल्या, ऑक्टोबरात तर त्यांचं 'डव्ह' जहाजच पकडलं. शेवटी जानेवारीत इंग्रज माघारी. जंजिऱ्याचा सिद्दी मात्र तेवढ्यात समोर उंदेरीवर येऊन बसला. ज्या बेटावर एक दगड रचू द्यायचा नाही म्हणून इंग्रज एवढे भांडले तिथेच पुढे जवळपास दोनशे वर्षांनी त्यांनी स्वतः हा मनोरा उभा केला, कारण जहाजं तर त्यांचीच खडकावर आपटणार होती! सरकारी कागदात आता बेटाचं नाव कान्होजी आंग्रे बेट. साहेबाने आयुष्यभर ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचंच. मला भारी मजा वाटली. लेकीला शिळा जास्त आवडली.

एकच रुखरुख, बत्ती पेटायच्या आत निघावं लागतं. म्हणून थळला परत आल्यावर मी हट्टाने किनाऱ्यावर बसून राहिले. अंधार पडला आणि तिकडे पहिली लकाकी मारली. प्रत्येक लाईट हाऊसची उघडझाप वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ओळखतात की आपण कुठे आहोत, हे सांगितल्यावर लेक मोठ्याने आकडे मोजायला लागली, मीही मोजलं, दोघींचं उत्तर दर वेळी वेगळं, मग परत पहिल्यापासून. नवरा गाडीतून हॉर्न वाजवत होता.

रो-रो अर्थातच चुकली. साडेदहाला आम्ही वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये, आणि मागच्या सीटवरून अजून आवाज येतोय, एक, दोन, तीन...