पाठभेद दिसला की आधी काय तपासायचं

मस्जिद बंदरचं शाअर हारहमीम हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, स्थापना १७९६. तिथे वाचला जाणारा तोरा, म्हणजे हिब्रू बायबलचे पहिले पाच ग्रंथ, ही चर्मपत्राची हाताने लिहिलेली गुंडाळी असते. तिच्यात फक्त व्यंजनं असतात, स्वरचिन्हं नसतात. स्वर आणि उच्चार पक्के केले ते गालीलमधल्या तिबेरिया शहरातल्या मासोरा पंडितांनी, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी. त्यांच्या परंपरेतली पूर्ण हिब्रू बायबलची सर्वांत जुनी उपलब्ध प्रत लेनिनग्राडची, सुमारे १००८ सालची.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांमधल्या गुंडाळ्या तिच्याहून हजारएक वर्षांनी जुन्या आहेत. दोन्हींचा पाठ, म्हणजे मूळ मजकूर, शेजारी ठेवला की फरक, म्हणजेच पाठभेद, दिसू लागतात, आणि प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारायचा: लेखनिकाचा हात चुकला, की त्याच्यासमोरची पोथीच निराळी होती?

कुमरानची, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी घ्या. १७ चर्मपत्रं शिवून सव्वासात मीटरच्या वर लांबी, ५४ रकाने. मासोरा पाठाच्या चाळिसाव्या अध्यायात ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द लागोपाठ दोनदा येतात. गुंडाळीच्या पहिल्या लेखनिकाने या दोहोंमधला मजकूर लिहिलेलाच नाही. नंतरच्या एका हाताने तो ओळींच्या मध्ये आणि पुढे समासात उतरवला. देवाच्या नावाच्या जागी चार टिंबं दिली. नजर एका ‘कोमेजते’वरून दुसऱ्यावर उडाली, हे निदान चटकन सुचतं. पण जुन्या ग्रीक भाषांतरातही नेमका हाच मजकूर नाही! मग तो गळला, की मागाहून भरला गेला? मला दुसरी शक्यताही तितकीच दमदार वाटते.

यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाचं प्रकरण याहून मोठं आहे. त्याचा ग्रीक पाठ मासोरा हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक-सप्तमांशाने लहान. भाषांतरकारानेच काटछाट केली असेल, असं अनेकांना वाटायचं. मग कुमरानच्या चौथ्या गुहेत तसाच आखूड हिब्रू पाठ सापडला, आणि त्याच गुहेत लांब पाठाच्या प्रतीही! दहाव्या अध्यायात आखूड पाठात ६ ते ८ आणि १० ही वचनं नाहीत, नववं वचन पाचव्याच्या मध्येच येतं. क्रमच बदलला आहे, तेव्हा नजर घसरली म्हणून भागत नाही. ग्रंथाच्या दोन आवृत्त्या एकाच काळी वापरात होत्या, असंच म्हणावं लागतं.

आखूड पाठाच्या या गुंडाळीचा एक तुकडाच उरला आहे, आणि त्यावर ओळींची फक्त डावी टोकं, म्हणजे हिब्रू उजवीकडून लिहितात म्हणून ओळींचे शेवट, शिल्लक आहेत. म्हणून एका ओळीच्या शेवटापासून पुढच्या ओळीच्या शेवटापर्यंत किती अक्षरं बसतील ते मोजतात. लांब पाठ तिथे मावत नाही. छापील आवृत्तीत चौकटी कंसांतली अक्षरं संपादकाने भरलेली असतात. पुरावा म्हणून फक्त कंसाबाहेरची अक्षरं धरा, आणि शंका आली तर तुकड्याचं इन्फ्रारेड छायाचित्र उघडून बघा.