आमची वाटचाल : धोंड्याचा महिना आणि तेहतीस अनारसे

कागदोपत्री आमचा हिशेब मार्च ते मार्चच असतो. घरात मात्र "ही कढई मागच्या धोंड्यात घेतली", "त्या मावशी दोन हजार बाराच्या धोंड्यापासून आहेत" असंच बोललं जातं. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, आणि आमचा धंदा त्या वाणातूनच उभा राहिला. म्हणून ही वाटचालही अधिक महिन्यांच्याच क्रमाने सांगते.

2012 साली भाद्रपद अधिक आला. तेव्हा आमचं दुकान नव्हतं. सासूबाईंच्या हाताला अनारसा लागतो हे गल्लीत माहीत होतं, म्हणून शेजारच्या तीन घरांनी "काकू, आमचेही तेहतीस घालाल का?" असं विचारलं. तीन घरांची अकरा झाली. त्या महिन्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या बायका चकल्या, लाडू, शेव सगळं घरी उत्तम करत होत्या. अडत होतं ते फक्त अनारशापाशी. कुणाचा दगड होत होता, कुणाचा तुपात विरघळत होता, आणि दोनदा बिघडला की ती बाई पुन्हा त्या वाटेला जात नव्हती. सुनेने तर तो शिकायचाही नाही असं ठरून गेलं होतं.

म्हणून दुकान काढताना एक गोष्ट ठरवली, ती आजही मोडलेली नाही. चकली, चिवडा, शेव आमच्याकडे मिळणार नाही. घरात होईनासे झालेले तळणीचे पदार्थ तेवढे मिळतील: अनारसे, पाकातले चिरोटे, लाल भोपळ्याचे घारगे, नवरात्रात देवीच्या फुलोऱ्याला लागणारी कडाकणी आणि धोंड्याच्या महिन्यात पुरण भरून तळलेले धोंडे. साताऱ्यात गोड घ्यायला येणारा माणूस कंदी पेढ्यांच्या दुकानात जातो, हे आम्हाला कळत होतं. कर्ज मागायला गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी "निदान फरसाण तरी ठेवा" असा मनापासून सल्ला दिला. तो मी मानला नाही. फरसाण करणारे पुष्कळ आहेत आणि चांगलं करतात. उंबरठ्यावर येऊन "कडाकणी मिळेल का हो, आईच्या हातची आठवते" म्हणणाऱ्याला जायला दुसरी जागा नव्हती.

अनारशाचं कौतुक मला नुसत्या चवीपुरतं करायचं नाही. हा पदार्थ कढईपर्यंत पोचायलाच आठ दिवस घेतो. जुना कोलम तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. नवा तांदूळ चालत नाही, इंद्रायणीसारखा चिकट तर नाहीच. मग निथळून पंचावर सावलीत पसरायचा, आणि ओलसर असतानाच दळून बारीक चाळणीने चाळायचा. सगळं गणित त्या ओलसरपणात आहे. मूठ आवळली की तांदळाला मुठीचा आकार राहिला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. मग त्या पिठात जवळजवळ बरोबरीने किसलेला गूळ (साधा, चिकीचा नाही) आणि थोडं तूप घालून मळायचं, गोळे करून डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचे. तळताना खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग मधोमध, आणि जिथे बुडबुडा फुटतो तिथे जाळीचं एक भोक पडतं. रंग बदामी झाला की झाऱ्यावर तिरका धरून निथळवायचा आणि चाळणीत उभा करायचा.

गूळ जास्त झाला, पीठ ओलं राहिलं किंवा तूप पुरेसं तापलं नाही की अनारसा तुपात पसरून फुटतो. त्याला आमच्याकडे "अनारसा हसला" म्हणतात.

2015 च्या अधिक आषाढात आमचे सगळे हसले. महिना 17 जूनला लागला, त्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला. आमच्याकडे पन्नास घरांचं वाण होतं, म्हणजे साडेसोळाशे अनारसे. तांदूळ पंख्याखाली पसरला होता. वरचा थर सुकला, खालचा तसाच राहिला, आणि घाईत मी खाली हात घालून पाहिलं नाही. तळायला बसलेल्या मावशींनी पहिला घाणा सोडला आणि हाक मारली, "वहिनी, इकडे या, सगळे हसतायत!" मी गेले तेव्हा कढईत गुळाचा तवंग आणि तांदळाचा चुरा तरंगत होता. चूक माझी होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी परात पुढे ओढली, उरलेल्या गोळ्यांत सुकं तांदळाचं पीठ घालून पुन्हा मळायला घेतलं, आणि रात्री दोनपर्यंत एकेक गोळा तुपात टाकून पाहत बसल्या. निम्मं पीठ वाचलं. उरलेल्या घरी मी स्वतः गेले, पैसे परत दिले आणि महिना संपायच्या आत वाण पोचवीन असा शब्द दिला. तो पाळला. त्यातली दोन घरं सोडून सगळी अजून आमच्याकडे आहेत.

तेव्हापासून तांदूळ सुकवायची खोली वेगळी आहे, आणि चार ठिकाणी मूठ आवळून पाहिल्याशिवाय दळण जात नाही.

2018 चा अधिक ज्येष्ठ मे महिन्यात आला तेव्हा उलटंच झालं. उकाड्याने पीठ तिसऱ्याच दिवशी आंबूस व्हायला लागलं. आता उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर मुरवून गोळे फ्रिजमध्ये ठेवतो. त्याच वर्षी 1 जुलैपासून तळणीच्या तेलाचा नियम आला: तेलातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकून द्यायचं. आम्ही तपासणीचं यंत्र घेतलं. अनारसा तुपातला, पण घारगे आणि कडाकणी तेलात. आधी तेल रंगावरून आणि वासावरून ओळखायचो. यंत्र आल्यावर कळलं की आमचा अंदाज एखाद्या घाण्याने उशिरा असायचा. तळणीचं खाणाऱ्याने आमच्या तेलावर विश्वास टाकलेला असतो, म्हणून हा खर्च मला कधीच जड वाटला नाही.

त्या वर्षाअखेरीस पुण्यात एका प्रदर्शनात कढई घेऊन बसलो. तयार डब्यांकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. मी अनारसा तुपात सोडला आणि माणसं थांबली. एक सात-आठ वर्षांची मुलगी टेबलाला हनुवटी टेकून बघत होती. "काकू, उलटत का नाही?" मी म्हटलं, उलटला तर खसखस जळते आणि जाळी बुजते. ती गप्प राहिली, आणि मधलं भोक पडल्यावर ओरडली, "पडलं!" तिच्या आजीने दोन डबे घेतले आणि पिठाचे गोळे विकत मिळतील का असं विचारलं. त्या प्रश्नातून आमचा दुसरा माल सुरू झाला. मुरलेलं पीठ नीट ठेवलं तर टिकतं. कोरडं झालं तर थोडं दूध किंवा पिकलं केळं घालून मळायचं. आज निम्मी विक्री पिठाची आहे, आणि मला त्याचा जास्त आनंद आहे, कारण कढई त्यांच्या घरात चढते.

2020 चा अधिक आश्विन कुणी विसरणार नाही. पितृपक्ष संपला आणि घट बसायला आणखी एक महिना गेला. जावई घरी येण्याची सोय नव्हती. साताऱ्याची आई, पुण्या-मुंबईची लेक, आणि मध्ये आमचं पार्सल. पहिले काही डबे चुरा होऊन पोचले. अनारसा जाळीदार, त्याला दाब सोसत नाही. मग अकरा-अकराच्या तीन उभ्या चळती, मध्ये बटर पेपर, आणि डबा खोक्यात हलणार नाही असा आवळून. अकरा त्रिक तेहतीस. इतकं सोपं गणित सुचायला सहा डबे फुटावे लागले. एका काकूंनी फोनच्या पडद्यासमोर निरांजन ओवाळलं आणि पलीकडे जावयाने आमचा डबा उघडला. त्यांनी तो फोटो आम्हाला पाठवला. तो दुकानात लावला आहे.

परदेशातून मागणी वाढली तेव्हा खसखशीची अडचण समोर आली. दुबईत आणि सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, आणि तिथे जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत आई हौसेने अनारसे भरते. म्हणून आम्ही आधी विचारतो, डबा कुठे जाणार? दुबई म्हटलं की तिळावर थापतो. दिसायला वेगळा दिसतो, पण विमानतळावर लेकराला त्रास होण्यापेक्षा बरं.

2023 च्या अधिक श्रावणात एक तेलुगू कुटुंब दुकानात आलं. बाईंनी अनारसा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आमचं अरिसेलु!" त्यांच्याकडे गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात आणि तळल्यावर दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल काढतात. तमिळनाडूत अधिरसम, ओडिशात आरिसा पिठा, बिहारमध्ये गयेचा तिळाचा अनरसा, उत्तराखंडात अरसा. भिजवलेल्या तांदळाचं ओलं पीठ आणि गूळ इतक्या दूरदूरच्या कढयांत आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. बाई पुन्हा आल्या तेव्हा घरचे अरिसेलु घेऊन आल्या. दाट, मऊ आणि वेलचीचा वास. सासूबाईंनी दोन खाल्ले.

यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. पुन्हा उन्हाळा, म्हणजे फ्रिज रिकामे करून ठेवले आहेत. 9 मेला तांदूळ भिजत पडतील, 12 ला दळण, 17 ला पहिली कढई. पहिल्या आठवड्याचं वाण हवं असेल त्यांनी 5 मेपर्यंत सांगावं आणि डबा कुठे जाणार तेही सांगावं.

सासूबाई आता थापायला बसत नाहीत, हात थरथरतो. पण पहिला घाणा त्यांच्यापुढे नेल्याशिवाय दुसरा पडत नाही. त्या अनारसा उचलून खिडकीकडे धरतात. जाळीतून उजेड आला की ताट पुढे सरकवतात.