‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवावा’

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट उघडला आणि त्यात जंतूचं नावच नसलं की माझं डोकं फिरतं. ‘मिश्र वाढ. तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू. नमुना पुन्हा पाठवावा.’ एवढ्यासाठी दोन दिवस थांबायचं. तोवर पेशंटच्या पोटात अँटिबायोटिकचे तीन-चार डोस गेलेले, म्हणजे नवा नमुना पाठवला तरी त्यात काही उगवेलच असं नाही. वॉर्डात इतकी वर्षं काढली, तरी हा रिपोर्ट मला शांतपणे वाचता येत नाही. तपासणी, कागदपत्रं, औषधं सगळं पार पडतं. गाडी अडते ती या एका बाटलीपाशी.

आधी मी लॅबवर चिडायचे. पण लॅब बाटलीत जे आहे तेच उगवून दाखवते. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात बहुतेक वेळा एकच जंतू असतो, आणि तो बहुधा ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा जंतू. तीन-चार जातीचे एकदम उगवले तर ते त्वचेवरून, योनिमार्गातून किंवा गुदद्वाराच्या आसपासून बाटलीत पडलेले असण्याची शक्यता जास्त. त्याच लघवीच्या साध्या तपासणीत चपट्या पेशी, म्हणजे स्क्वेमस एपिथेलियल सेल, भरपूर दिसल्या तर नमुना घेतानाच बिघडला असं धरून चाला.

बिघडतो कुठे? पेशंटला बाटली देऊन ‘लघवी आणा’ एवढंच सांगितलं जातं, तिथे. काहीजण निर्जंतुक बाटली नळाखाली विसळून घेतात. स्वच्छतेची सवय चांगली, पण इथे तीच नडते. झाकण टॉयलेटच्या कडेवर पालथं ठेवतात, किंवा आतल्या कडेला बोट लागतं. त्यामुळे मी आता पाच मिनिटं काढते आणि क्रम तोंडाने म्हणवून घेते. आधी हात साबणाने धुवायचे. बायकांनी भगोष्ठ, म्हणजे योनीबाहेरचे ओठ, बोटांनी बाजूला धरून साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, कोरडं करायचं आणि लघवी संपेपर्यंत बोटं काढायची नाहीत. पुरुषांनी शिश्नाची कातडी मागे घेऊन धुवायचं. जंतुनाशक वापरायचं नाही, ते नमुन्यात उतरलं तर खरे जंतूही मरतात. पहिली धार भांड्यात सोडायची, मधली बाटलीत धरायची, उरलेली पुन्हा भांड्यात. 10 ते 20 मिली पुरते, बाटली काठोकाठ भरायची गरज नाही. झाकण हातातच, तोंड खाली करून धरायचं, आणि लगेच घट्ट लावायचं.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट, कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) असलेल्या आजोबांच्या बाबतीत तर फारच महत्त्वाची: मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणायची. विसरलं तर ती मागेच अडकते, सूज येते आणि ती तातडीची अवस्था होते.

एवढं करूनही नमुना वाया जातो, कारण तो ट्रेमध्ये बसून राहतो. माझ्या रागाचं खरं मूळ हेच. सकाळी सहाला घेतलेली बाटली, नेणारा माणूस राउंड झाल्यावर येणार, लॅबची खिडकी त्यानंतर उघडणार. अनुकूल वातावरणात ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. खोलीच्या तापमानाला वेग कमी, पण चार तासांत बाहेरून पडलेले चार जंतूही मोठी वसाहत करून बसतात. घेतल्यापासून दोन तासांच्या आत नमुना लॅबमध्ये पोचायला हवा. नाही पोचणार असं दिसलं तर फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांवर, जास्तीत जास्त 24 तास. फ्रिजच्या दारात नको, तिथे तापमान वरखाली होतं. काही बाटल्यांत बोरिक ॲसिडची पांढरी पूड असते. ती घाण समजून झटकू नका. त्या बाटलीत मात्र खुणेच्या रेषेपर्यंत लघवी भरायची. कमी भरली तर पूड प्रमाणाबाहेर होते आणि संसर्गाचे जंतूही वाढत नाहीत.

रिपोर्टमधल्या आकड्यामुळेही गोंधळ होतो. एक मिलीत 1,00,000 जंतू असले की संसर्ग धरायचा, ही सीमा अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कॅस यांच्या 1956 च्या सुमाराच्या कामातून रूढ झाली. ती दगडावरची रेघ नव्हे. जळजळ, वारंवार लघवी असा स्पष्ट त्रास असलेल्या बाईच्या नमुन्यात एकाच जंतूचे 1,000 दिसले तरी ते दुर्लक्षून चालत नाही.

कॅथेटर असेल तर खेळच वेगळा. युरोबॅगमधून, म्हणजे लघवी साठण्याच्या पिशवीतून, नमुना घ्यायचा नाही, म्हणजे नाहीच. त्या पिशवीत तासन्‌तास साठलेली लघवी असते. नळीचा आणि कॅथेटरचा जोडही उघडायचा नाही. नमुना घेण्याच्या पोर्टच्या (नळीवरच्या सिरिंज लावायच्या जागेच्या) खाली नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावायचा, 15 ते 20 मिनिटं थांबायचं, पोर्ट स्पिरिटच्या बोळ्याने घासून वाळू द्यायचा आणि निर्जंतुक सिरिंजने 10 मिली ओढायची. मग क्लॅम्प काढायचा. हे वेगळं सांगते, कारण विसरतं तेच. तासाभराने पेशंट पोट धरून कळवळत असतो आणि सगळे कारण शोधत असतात. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्यातून नमुना घ्यावा. जुन्याच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर साचलेला असतो, कल्चरमध्ये तो थरच उगवतो.

खरं तर कॅथेटरच्या पेशंटचं कल्चर पाठवायचं का, हा प्रश्न आधी यायला हवा. महिनाभर कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावर तो संसर्ग ठरत नाही. ताप, थंडी वाजणं, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं असं काही हवं. त्रास नसताना सापडलेल्या जंतूंवर अँटिबायोटिक दिलं की पुढच्या वेळी त्या औषधाला दाद न देणारेच उरतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची काही ऑपरेशनं हे ठळक अपवाद.

पट्टीच्या तपासणीबद्दल, म्हणजे लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीबद्दल, वर लिहायचं राहिलं. नायट्राइट हा बरेच जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ. तो निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही, असं समजू नका. ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते, आणि एन्टेरोकॉकससारखे जंतू ते बनवतच नाहीत. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर हवेनेच पट्टी गुलाबी होते, म्हणजे नायट्राइट नसतानाही पॉझिटिव्ह दिसते, तो वेगळाच ताप. आणि पू-पेशी भरपूर, पण कल्चर कोरं, असं पुन्हापुन्हा आलं तर डॉक्टरांना क्षयाची, खड्याची आणि क्लॅमिडियासारख्या लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची आठवण करून द्या. क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये उगवत नाहीत.

लॅबच्या फॉर्मवर मी आता चार गोष्टी ठळक लिहिते: नमुना घेतल्याची वेळ, मधल्या धारेचा की कॅथेटरचा, अँटिबायोटिक सुरू आहे का आणि कधीपासून, गरोदर आहे का. वेळ लिहायला लागल्यापासून बाटली नेणाऱ्यांचे पायही जरा लवकर उचलतात, कारण उशीर कोणाकडे झाला ते कागदावर दिसतं. थंडी वाजून ताप आला असेल, कुशीत दुखत असेल, उलट्या होत असतील, तर नमुना घेऊन लगेच पहिला डोस द्यायचा. जंतूचं नाव आणि त्याला लागू पडणाऱ्या औषधांची यादी यायला 48 ते 72 तास लागतात, तोवर थांबायचं नाही. आणि उपचारानंतर त्रास पूर्ण थांबला असेल, गरोदरपण नसेल, तर ‘खात्रीसाठी’ आणखी एक कल्चर बहुतेकांना लागत नाही. तशी चिठ्ठी आली तर बाटली उघडण्याआधी मी डॉक्टरांना एकदा विचारते.