सिंहराजाच्या जंगलातला पिवळ्या कपाळाचा तांबट

सह्याद्रीत कुटुर्ग्याच्या, म्हणजे पांढऱ्या गालाच्या तांबटाच्या, हाकेवर पक्षी ओळखायला शिकलेल्यांना श्रीलंकेतलं सिंहराजा हे पावसाळी जंगल फारसं परकं वाटत नाही. पाऊस तसाच, जळवाही तशाच. पण कुटुर्ग्याचा जो भाऊबंद बघायला आम्ही गेलो होतो, तो पिवळ्या कपाळाचा तांबट श्रीलंका सोडून जगात कुठेही सापडत नाही.

आम्ही रत्नपुरा-कलवाना मार्गे जंगलाच्या प्रवेशद्वाराजवळच्या कुडावाला गेलो. मुक्काम तिथेच करा, म्हणजे सकाळ हातची जात नाही. तिकिटासोबत वाटाड्या घ्यावाच लागतो. 'कोट्टोरुवा' (तांबटाचं सिंहली नाव) बघायचाय म्हटलं की त्याला कळतं. मात्र झपाझप चालायचं नाही, हे त्याला आधीच सांगा. सिंहराजात बहुतेकांचं लक्ष निळ्या मॅगपाय पक्ष्याकडे आणि अनेक जातींच्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यांकडे असतं, आणि थव्यामागे धावताना हा पक्षी डोक्यावर राहून जातो. माझं ठाम मत आहे, फळांनी लगडलेलं उंबराच्या जातीचं झाड शोधा आणि त्याखाली थांबा.

आवाज सारखा येतो, पण पक्षी दिसत नाही. सगळं अंग पानांत मिसळणारं हिरवं. आम्हाला दिसला तो फळ तोडताना. साळुंकीपेक्षा किंचित लहान, चोच जाडजूड, तिच्या मुळाशी राठ केस, गाल आणि गळा निळे, कपाळावर पिवळा रंग. चोचीत फळ धरलं, मान मागे टाकली, अख्खं गिळलं आणि लगेच दुसऱ्याकडे वळला. असंच खात तो बिया जंगलभर पोचवतो.

डोळ्याभोवती पिवळसर उघडी कातडी दिसली तर तो तपकिरी डोक्याचा तांबट, आपल्याकडेही असतो तोच. लाल कपाळाचा छोटा तांबट दिसला तर खूश व्हा, तोही फक्त लंकेचाच.

जानेवारी ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात कोरडा. तरी जळवांसाठीचे लांब मोजे हवेतच, दुर्बिणीला पावसाचं झाकणही. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, कृपा करून. वाळक्या खोडात ढोली कोरून तो पिल्लं वाढवतो. मोबाईलमधल्या खोट्या शत्रूमागे त्याला धावायला लावणं वाईटच.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर कँडी शहरात बुद्धाच्या दंतमंदिरामागचं उडवत्तकेले जंगल गाठा. तिथेही तो आहे, आणि वाटा सोप्या आहेत. पाऊस झाला असेल तर मोजे तिथेही घाला.