वेल्समधले रिकामे महिने

वेल्सच्या इतिहासात मी शिरले ती मोज्यांमुळे. मला विणकामाचं वेड. अठराव्या शतकातल्या हातविणीच्या मोज्यांबद्दल वाचायला घेतलं की उत्तर वेल्समधल्या बाला गावाचं नाव हमखास यायचं. मग मोजे राहिले बाजूला आणि तिथल्या लोकांचं अख्खं वर्षच वाचत सुटले.

१७०० च्या सुमाराचा वेल्स म्हणजे साधारण चार लाख माणसं, त्यातली बहुतेक फक्त वेल्श बोलणारी. डोंगराळ मुलूख, त्यामुळे गुरं-मेंढ्यांवरच भिस्त. वर्षाची दोन टोकं ठरलेली: १ मे आणि १ नोव्हेंबर. मे लागला की गुरं घेऊन वर डोंगरातल्या हावोदवर, म्हणजे उन्हाळी घरी जायचं, दूधदुभतं करायचं, लोणी साठवायचं. हिवाळ्याच्या तोंडाशी खाली हेंद्रेला, मूळ घरी परतायचं. गडी-मोलकरणी कामावर ठेवायच्या तारखाही याच. मधे सरपणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापून वाळवणं, गवत, ओटची कापणी. उन्हाळ्यात कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसणार.

रोख पैसा मात्र यायचा तो गुरांच्या पायांनी. तिथली काळी गुरं विकत घेऊन व्यापारी पार लंडनच्या स्मिथफील्ड बाजारापर्यंत हाकत न्यायचे. अँगलसी बेटावरच्या गुरांना तर आधी मेनाईची सामुद्रधुनी पोहावी लागायची. तिथे पूल झाला थेट १८२६ मध्ये! पुढच्या खडकाळ वाटांसाठी गुरांना नाल ठोकत. खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला नालाचे दोन तुकडे, एका जनावराला आठ. दोरीने पाय बांधून, जनावर आडवं पाडून हे काम चालायचं. राजाराण्यांच्या वंशावळी माझ्या डोक्यात राहत नाहीत, हे आठ तुकडे मात्र पक्के बसलेत. लंडनला रक्कम पोचवायची असली तरी लोक ती याच व्यापाऱ्यांच्या हाती देत. (त्यांना शिव्या घालणारेही भरपूर होते, तो भाग वेगळा.)

पण मला खरं खिळवलं ते हिवाळ्याने. शेतात काम नाही, दिवस एवढासा. लव्हाळ्याचा गाभा मेंढीच्या चरबीत बुडवला की झाली मेणबत्ती. तीही जपून वापरायची, म्हणून शेजारपाजारचे एकाच चुलीपाशी जमत. हातात सुया, तोंडाने गोष्टी आणि गाणी. पुरुषसुद्धा विणायचे, हे वाचून मी उगाचच खूश झाले! ते मोजे बाजारात विकून घराला हातभार लागायचा. नाताळला पहाट व्हायच्या आधीच प्लगाइन: मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये जायचं आणि लांबलचक धार्मिक गीतं म्हणायची. थॉमस जोन्सची वेल्श पंचांगं १६८० पासून निघत होती, पुढे ती सीमेपलीकडे श्रूजबरीत छापली जात. वेल्समध्ये पहिला अधिकृत छापखाना आला १७१८ साली.

आणि याच रिकाम्या महिन्यांवर एका पाद्र्याने डोळा ठेवला. ग्रिफिथ जोन्स, कार्मार्दनशरमधल्या लानदाउरोरचा. १७३० च्या दशकात त्याने फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षक गावात यायचा, साधारण तीन महिने राहायचा, बायबल वाचण्यापुरतं शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. शाळा मुख्यतः हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात गरिबांची पोरं कामाला जुंपलेली. मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

कोर्टकचेऱ्या इंग्रजीत चालत, तेव्हा शाळाही इंग्रजीत का नाही, असा आक्षेप निघालाच. जोन्सचं उत्तर मला फार पटतं. इंग्रजी शिकवून मग वाचायला लावायचं तर वर्षं जातील, आणि गरिबाकडे वर्षं कुठली? जी भाषा तोंडात आहे तिची अक्षरं तीन महिन्यांत येतात. धर्मप्रसार हाच त्याचा हेतू होता, हेही खरं. पण १७६१ मध्ये तो गेला तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखावर माणसांची नावं त्यांच्या पटावर लागली होती.