हबला लावलेली हार्ड डिस्क टकटक का करते?

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. बिनअडॅप्टरचा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, लावला की तेवढ्यातच कीबोर्ड, दिवा, पंखा सगळ्यांनी भागवायचं. पंख्याचं काय, तो जरा मंद फिरेल. पण पोर्टेबल हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच सगळ्यात जास्त करंट लागतो. तो कमी पडला की टक-टक आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो आणि लगेच गायब होतो.

घाईने फॉरमॅट मारू नका. आधी डिस्क थेट कॉम्प्युटरला, आखूड केबलने लावून बघा. लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतं. तरीही टकटक थांबली नाही, तर डिस्कच बिघडली असण्याची शक्यता मोठी. मग पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. कीबोर्ड-माउसला मात्र साधा हब खुशाल वापरा.