तुम्ही विचारलंत म्हणून: हे गंजणार तर नाही ना?

रत्नागिरीत लोखंडाची वस्तू हातात घेतली की लोक किंमत नंतर विचारतात. आधी हेच येतं : "गंजणार तर नाही ना हो?" त्यांचं चुकत नाही. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, सगळं डोळ्यांदेखत खाल्लं जाताना इथल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. मी दिवसा ग्रिल आणि गेटं करतो, आणि उरलेल्या वेळात पत्रा, सळया, गाडीचे जुने पाटे, चेनी कापून-जोडून खेकडे, कोंबडे, होड्या, घराच्या नावाच्या पाट्या करतो. हा प्रश्न मला दोन्हीकडे भेटतो. त्याचं खरं उत्तर लोखंडात कमी आणि ती वस्तू कुठे राहणार यात जास्त आहे. म्हणून मीच उलट विचारतो, ठेवणार कुठे?

साधं लोखंड, म्हणजे आमचं एमएस (माइल्ड स्टील), उघडं राहिलं तर गंजणारच. त्याला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं, खारा वारा असेल तर काम झपाट्यानं होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाच्या खाली शिरला की रंग फुगतो, पापुद्रा सुटतो आणि पुढच्या पाण्याला वाट मोकळी होते. गंजलेल्या जागेवर नुसता नवा हात मारून म्हणूनच भागत नाही.

माझ्या हातात आहे ते पाणी साचू न देणं. खेकड्याचं उदाहरण घ्या. पाठीसाठी २ मिलिमीटरचा पत्रा कापायचा, कडेला चिरा द्यायच्या, ठोकून फुगवायचा आणि चिरा वेल्डिंगनं मिटवायच्या. नुसते वेल्डिंगचे टाके मारून वर पुट्टी भरली तरी वस्तू दिसायला तशीच दिसते. पण दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी पाणी आत ओढलं जातं आणि वाळत नाही. त्या फटीतून सुरू झालेला गंज बाहेर दिसेपर्यंत आतून बरंच संपलेलं असतं. म्हणून मी जोड पूर्ण भरतो. सलग भरत गेलं तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, मग थांबायचं, असं करावं लागतं. पाय पाइपचे असतील तर प्रत्येकाच्या तळाला भोक. जोडावरचा स्लॅग, म्हणजे वेल्डिंगनंतर वर उरणारं कडक कवच, हातोडीनं उडवायचा, उडालेले थेंब घासून काढायचे. नव्या पत्र्यावरची निळसर काळी खपलीसुद्धा काढायची, कारण रंग पत्र्याला नाही तर त्या खपलीला चिकटतो आणि खपली एक दिवस सुटते. तयार वस्तूत यातलं काहीच दिसत नाही, पण माझा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो आणि किंमतही यानंच ठरते.

"मग स्टेनलेसच का घेत नाही?" हा पुढचा प्रश्न. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि खरचटलं तरी परत धरतो. पण स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं ३०४ नंबरचं स्टेनलेस समुद्राच्या वाऱ्यावर तपकिरी डाग धरतं. किनाऱ्यावर ३१६ नंबरचं लागतं, त्यात मॉलिब्डेनम हा धातूही असतो आणि ते महाग पडतं. शिवाय लोखंड घासलेलं चाक स्टेनलेसवर फिरवलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच गंजू लागतात. माझ्याकडे त्याची चाकं आणि ब्रश वेगळे आहेत, आणि मी ते कुणाला हात लावू देत नाही.

काही जण परदेशातल्या गंजलेल्या शिल्पांचे फोटो दाखवतात. ती कॉर्टेन स्टीलची असतात. शिकागोत १९६७ पासून उभं असलेलं पिकासोचं शिल्प त्याचंच आहे. इंग्लंडमधल्या गेट्सहेडजवळचा १९९८ चा 'एंजल ऑफ द नॉर्थ' त्याच जातीच्या, तांबं मिसळलेल्या पोलादाचा आहे. तो २० मीटर उंच, आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ५४ मीटर. या पोलादावरचा गंजच घट्ट बसतो आणि आतलं राखतो. पण त्यासाठी ते भिजून पुन्हा वाळायला हवं, आणि मीठ जास्त असेल तर तो थर घट्ट बसतच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात महिनोन्‌महिने काही वाळत नाही आणि मीठ बाराही महिने. मांडवीच्या किनाऱ्यावर कॉर्टेन उभं करण्यात मला अर्थ दिसत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला, त्यातही लोखंडातल्या फॉस्फरसचा वाटा मोठा आहे आणि दिल्लीच्या कोरड्या हवेचाही.

घरात ठेवायच्या भेटवस्तूंची गोष्ट वेगळी, आणि माझा जीव त्यांच्यात जास्त रमतो. तिथे रंगानं झाकावं लागत नाही. घासून लख्ख केलेला पत्रा हळूहळू तापवला की २२० अंशांच्या आसपास त्यावर फिकट पिवळा चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. कोंबड्याच्या शेपटीला मी हेच रंग देतो. ज्योत वेळेवर बाजूला घेतली नाही तर निळा निघून राखाडी उरतो. थंड झाल्यावर बोटही न लावता लगेच पारदर्शक लॅकर मारायचं, कारण हाताच्या घामातही मीठ असतं.

अशी वस्तू तुमच्या घरी असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. लॅकर उडालेलं दिसलं तर तिथे मेण चोळा, खोबरेल नको, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. बाथरूमच्या भिंतीला किंवा पावसाची झड येणाऱ्या बाल्कनीत ती लावू नका. बागेतच हवी असेल तर आधी सांगा, मी जाड पत्र्याची आणि वेगळ्या जोडांची करून रेड ऑक्साइडच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराच्या हातावर रंगवून देईन, आणि दर पावसाळ्याआधी तिला रंगाचा हात द्यावा लागेल. तेवढं होणार नसेल तर मी ती बाहेरसाठी देत नाही.